काळी मेंदी आणि आमच्या घराण्याची टाच

“अगं बया बया बया! पोरीचं हात भाजलं की! गाडी काढा रं कुणीतरी, गाडी!”

नवऱ्या मुलाची आत्या आमच्या मांडवाच्या मधोमध उभी राहून ओरडत होती. तिच्या एका हातात नवरदेवाच्या उष्ट्या हळदीची वाटी, दुसऱ्या हातात माझ्या पुतणीचं मनगट. आवाज असा, की तिकडे आळेफाट्यावर थांबलेली नाशिकची एसटी कंडक्टरनं बेल मारायच्या आत सुटली, असं नंतर कुणीतरी सांगितलं. कुणीतरी म्हणजे मीच सांगितलं, पण ऐकणाऱ्यांपैकी कुणी नाही म्हटलं नाही. गोठ्यामागं बसलेली मेंढरं उठली, उठलेली पळाली. डीजेवाल्याला वाटलं आपल्याच मशिनीत काहीतरी जळालं, त्यानं घाबरून वायर उपटली. त्यामुळं पुढचं सगळं बोलणं आख्ख्या मांडवाला बसल्या जागी स्वच्छ ऐकू आलं.

“भाजलं न्हाई, आत्या,” पुतणी म्हणाली. “मेंदी हाय ती.”

“मेंदी? ही मेंदी हाय का रस्त्याचं डांबर?”

आत्याचं काही चुकलं नव्हतं. पुतणीच्या हाताच्या पाठीवरची मेंदी चारचौघींसारखी होती, नारिंगी, वेलबुट्टीची, मध्ये एक मोर. पण तळहात! तळहात असे काळे झाले होते, की गुऱ्हाळातल्या काहिलीचं बूड त्यापुढं गोरं म्हणावं. तिथला मोर, वेल, नवऱ्याचं नाव, सगळं त्या काळोखात बुडून गेलेलं. मेंदी काढायला नारायणगावाहून आलेली पोरगी आदल्या दिवशी हौसेनं फोटो काढून गेली होती. आज तिला ते हात दाखवले असते तर तिनं ओळख दिली नसती.

मग आमच्याकडच्या बायका सावरल्या.

“अवो, रंगलीया! लई रंगलीया!”

“एवढी काळी म्हंजी सासू डोक्यावर घिऊन नाचंल!”

“सासू न्हाई गं, नवरा!”

“दोघं बी नाचतील. आळीपाळीनं.”

आत्याचा चेहरा हळूहळू उजळला. आपल्या घरात एवढं प्रेम साठून राहिलंय याचा तिला तोवर पत्ताच नव्हता. तिनं वाटीतली हळद बोटांवर घेतली, पुतणीचा हात उताणा करून आपल्या हातावर ठेवला, आणि थांबली. अंगठ्यानं दाबून बघितलं. परत दाबलं. नारळ घेताना वाजवून बघतात तसं नखानं वाजवूनही बघितलं.

“हे काय गं?” आवाज आता एकदम बारीक. “हे तर लाकूड हाय.”

पुतणीनं आत्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

“काका,” ती म्हणाली, “तुमी तर म्हणाला व्हता, सगळं सांगून आलोय.”

मांडवातली सगळी डोकी माझ्याकडं वळली. मी सांगून आलो होतो. देवाशपथ सांगून आलो होतो. कमी तर नाहीच, चांगलं दुप्पट सांगून आलो होतो.

ते कसं झालं हे कळायला आधी आमचं घराणं कळायला पाहिजे.

आम्ही मूळचे मेंढरांमागचे. आता ऊस आहे, कांदा आहे, टोमॅटोला भाव आला तर टोमॅटो आहे, आणि नावाला राखलेली थोडी मेंढरं. पण आळ्याच्या माळावर आमची ओळख यातल्या कशानंही नाही. आमची ओळख टाचेनं. आमच्यात जन्मलेल्या पोरांपैकी काहींच्या तळपायांची आणि तळहातांची कातडी थोड्या महिन्यांत जाड व्हायला लागते. पिवळसर, मेणासारखी, आणि कडेला एकदम संपणारी, जसा कुणी आतून बूट शिवून पाठवलाय. मग ती मरेपर्यंत जाडच. याला आम्ही ‘टाच आली’ असं म्हणतो. दात आला म्हणतात तसं. टाच आली की पेढे वाटायचे. नाही आली तर बायका बाळंतिणीला म्हणायच्या, “आसू दे, पुढच्या खेपंला यील.”

आजोबांसारखी टाच कुणाचीच नव्हती. गावात कुऱ्हाडीला धार लावायची असली तर लोक दगड शोधत नसत, आजोबा कुठं बसलेत ते शोधत. एकदा ते बाभळीच्या रानातून मेंढरं घेऊन आले, तर त्यांच्या तळपायाला अडकून आलेल्या काट्यांवर आजीनं आठवडाभर चूल पेटवली. एका विंचवानं त्यांना नांगी मारली आणि नांगी वाकवून घेऊन गेला. तो विंचू मी स्वतः पाहिलाय. पुढं तो कुणाच्या वाटेलाच जात नसे, माणूस दिसलं की दगडाखाली तोंड लपवायचा. आणि नाणेघाटातल्या पायऱ्या जुन्या काळच्या व्यापाऱ्यांच्या वर्दळीनं झिजल्या, असं शहरातनं येणारे लोक फोटो काढता काढता एकमेकांना सांगतात. सांगू देत. आमचे आजोबा दर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन त्याच घाटानं अनवाणी कोकणात उतरायचे, एवढंच मी म्हणतो. बाकीचं ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

घरात एक रीत होती. मेंढरांची खुरं वाढली की ती तासायचा एक दिवस ठरायचा. मेंढरू पाठीवर पाडायचं, बाकदार सुरीनं खुराच्या कडा काढायच्या, सोडून द्यायचं. सगळी मेंढरं झाली की मग माणसं. आजोबा, बाप, चुलता, थोरला भाऊ असे सगळे टाचवाले ओळीनं घमेल्यात पाय बुडवून बसायचे. आजी वरून ऊन पाणी ओतत फिरायची. कातडी मऊ पडली की तीच सुरी, तोच दगड, तीच शिस्त. फक्त माणसांना पाठीवर पाडत नसत. तासून झालं की आजोबा कोकणातनं आणलेलं कोकमचं तेल भेगांत भरायचे, आणि डोळे मिटून बराच वेळ बसून राहायचे. थंडीत तर रोजच बसायचे. आम्ही पोरं म्हणायचो, आजोबा शीण घालवत्यात.

त्या ओळीत मी कधी बसलो नाही. मला टाच आली नाही. आई वर्षभर रोज सकाळी माझे तळपाय दाबून बघायची म्हणे. बापानं शेवटी सुस्कारा टाकला आणि जुन्नरच्या बाजारातनं माझ्यासाठी चप्पल आणली. आमच्या घराण्यातली ती पहिली चप्पल. भावकी बघायला आली होती. मेंढरांमागं माझा उपयोग नव्हता, काटा मोडला की मी गल्लीभर बोंबलायचो, म्हणून मला घरी ठेवलं. आणि घरी बसून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी आलेल्यागेलेल्यांना घराण्याच्या टाचेविषयी सांगायला लागलो. बाकीच्यांना टाच आली, मला जीभ आली. आज आमच्या टाचेची जी काही कीर्ती तालुक्यात आहे, ती टाचवाल्यांनी मिळवलेली नाही. ते मुकाट चालत होते.

या सगळ्या वैभवात एक बारीकशी गोष्ट होती. पेढे वाटायचे ते मुलाला टाच आली तर. मुलीला आली तर कुणी काही बोलायचं नाही. तिला लहानपणापासून एवढंच शिकवायचं, “हात पदराखाली ठिव गं.”

माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला आली. चांगली दणदणीत आली. पोरगी हुशार निघाली, फार्मसीचं शिकली, आळेफाट्याला मेडिकलच्या दुकानात उभी राहायला लागली. गिऱ्हाईकाला गोळ्या द्यायची त्या मूठ अर्धी मिटून, जशा चोरीच्या आहेत. मोबाईलला अंगठा लावला की मोबाईल म्हणायचा, परत प्रयत्न करा. केस मात्र तिचे असे, की विहिरीचा दोर तुटला तर वहिनीनं तिला काठावर बसवून वेणीनं पाणी शेंदलं असतं. शेंदलंही असेल. मला तेव्हा शेतात काम होतं.

एका हिवाळ्यात तिनं बापाला आणि मला गाडीत घातलं आणि पुण्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बापाला, कारण त्याची टाच बघायची होती. मला, कारण माझी नव्हती ते बघायचं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. भावानं टेबलावर पाय ठेवला तो किल्ला दाखवावा तसा. बाईंनी बघितलं, दाबलं, भिंगातून बघितलं आणि कागदावर विटा काढाव्यात तशा पेशी काढल्या. प्रत्येक विटेत आडवेउभे दोर काढले.

“कातडीच्या पेशीला ताण सहन करायला आतून दोर लागतात,” त्या म्हणाल्या. “ते केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात. दोन जातींचे धागे एकमेकांत पिळले जातात आणि दोर तयार होतो. केस, नखं, खूर, शिंग, मेंढीची लोकर, हे सगळं केराटिनच. पण जागेप्रमाणे धागा बदलतो. केसाचा वेगळा, नखाचा वेगळा.”

“म्हंजी मेंढरात हाय तेच आमच्यात हाय?” भावानं विचारलं.

“त्याच कुळातलं, हो.”

भाऊ माझ्याकडं बघून हसला. एवढं तर त्याला आधीच ठाऊक होतं, आणि यात लाजण्यासारखं त्याला काही दिसलं नाही.

“तळहात आणि तळपाय यांच्यासाठी शरीर एक खास धागा बनवतं,” बाई पुढं म्हणाल्या. “तुमच्या घरात त्या धाग्याच्या कृतीत एक अक्षर चुकलंय. पिढ्यान्‌पिढ्या तीच चूक उतरते. त्यामुळे दोर कच्चा होतो. पायावर भार पडला, की वरच्या थरातल्या पेशी आतल्या आत फाटतात. मग कातडी घाबरते आणि थरावर थर चढवत सुटते.”

“म्हंजी मजबूत व्हती,” भाऊ म्हणाला.

“नाही. कच्ची आहे म्हणून जाड होते.”

भावानं पाय हळूच टेबलावरून खाली घेतला, आणि चप्पल नसताना चप्पल शोधायला लागला.

“यांच्या केसांना काही झालं नाही, ते त्यामुळेच,” बाईंनी पुतणीची वेणी उचलून दाखवली. “केसांचा धागा वेगळा, तो शाबूत आहे. हा आजार लागण्यातला नाही. बरा होण्यातलाही नाही. रोज कोमट पाण्यात बुडवायचं, मलम लावायचं, जाड झालं की काढायचं. मुलांना येईल की नाही, हे प्रत्येक वेळी निम्मं-निम्मं.”

मग त्यांनी माझा हात घेतला. उलटापालटा केला. “यांच्यात ती चूक उतरलेली नाही,” त्या म्हणाल्या. “यांचं केराटिन उत्तम आहे.”

मी म्हणालो, “बाई, एवढं एका कागदावर लिहून द्या. मला फ्रेम करायचीय.” त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. अख्खं आयुष्य ज्याच्याविषयी घरात सुस्कारे टाकले गेले, त्या माणसाला डॉक्टरनं उत्तम म्हणावं, आणि ते लिहून देऊ नये, याला काय म्हणायचं?

परतीच्या वाटेवर नारायणगावला थांबलो. तिथं मी खुशीत सगळ्यांसाठी मिसळ सांगितली, तेव्हा भाऊ म्हणाला, “आमच्या आज्याला कच्चा म्हणली रं ती.” आणि मिसळीला हात लावला नाही. मग त्याची पण मी खाल्ली. केराटिन उत्तम असलेल्या माणसाला भूक जास्त लागते, हे बाईंनी सांगितलं नव्हतं, पण मला अनुभव आला.

पुढच्या वर्षी पुतणीचं लग्न ठरायला आलं. मुलगा घोडेगावच्या पलीकडचा. अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगच्या पोरांची मेस चालवतो. बघायला आले तेव्हा पुतणीनं पोह्यांचा ट्रे खालून धरला आणि बसली ती हात पदराखाली घेऊन, शिकवलं होतं तशी. पाहुण्यांनी केस बघितले. असे केस समोर असताना माणूस दुसरं काय बघेल?

मुलाला तिनं स्वतः फोनवर सांगितलं, सगळं, त्या निम्म्या-निम्म्यासकट. तो म्हणाला, “मी दिवसभर तव्याम्होरं असतो, माझ्या हाताला बी घट्टे हायेत. माझं काय न्हाई. पण आईला तुमच्या घरानं सांगा. मागून कळलं तर ती बोलणार न्हाई, आणि ती बोलंना झाली की लई अवघड असतं.”

तेव्हा पुतणीनं घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सासूला नीट कळलं असेल तरच ती बोहल्यावर उभी राहणार. लपवून लग्न करायचं नाही. लग्नानंतर पहिल्या थंडीत सासरच्या न्हाणीत लपून पाय बुडवत बसायची तिची तयारी नव्हती. वहिनी रडली. भाऊ म्हणाला, “मी कच्चं म्हणणार न्हाई. जीभ झडली तरी न्हाई.” आणि मग दोघांनीही माझ्याकडं बघितलं. “भावजी,” वहिनी डोळे पुसत म्हणाली, “तुमीच सांगा. तुमाला बोलाया येतं.”

सुपारीला आम्ही त्यांच्या घरी गेलो. घर नवं, स्लॅबचं. मुलाच्या बापानं आम्हाला चहाच्या आधी गच्चीवर नेऊन पाणी तापवायचा सोलर दाखवला. असा सोलर आख्ख्या आंबेगाव तालुक्यात दुसरा नाही, असं ते म्हणाले. शेजारच्या गच्चीवर तसाच होता, पण मी पाहुणा होतो. खाली बैठकीत त्यांची भावकी बसलेली. विहीणबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. बाई कमी बोलणारी. “या” म्हणाल्या आणि “चहा घ्या” म्हणाल्या, त्या दोन्हींच्या मध्ये चांगला तास गेला.

मी घसा खाकरला. “पावणं,” मी म्हणालो, “एक गोष्ट सांगायचीय. आमच्या पोरीची तळहाताची, तळपायाची कातडी जाड हाय. जन्मापास्नं. आमच्या घराण्यातच हाय ते.”

इथवर सगळं ठीक होतं. इथं मी थांबलो असतो, तर ही हकिगत इथंच संपली असती. पण समोर पंधरावीस माणसं, हातात चहा, माझ्याकडं टक लावून बघतायत. त्यातला एक पुढं सरकून म्हणाला, “जाड म्हंजी किती?”

आता सांगा. असं विचारल्यावर तुम्ही काय केलं असतं?

मी आजोबांना आणलं. आधी कुऱ्हाड, मग काट्यांची चूल. विंचवाला बैठकीनं टाळ्या दिल्या. मी नांगी वाकडी झालेला विंचू उठून चालून दाखवला. नाणेघाटाच्या पायऱ्यांपाशी आलो तेव्हा मुलाचा चुलता मांडीवर थापा मारून म्हणत होता, “लई भारी, राव! लई भारी माणूस हाय हा!” मी म्हणालो, “अवो, खरं सांगतोय! डॉक्टरांनी सांगितलंय, केराटिनचा दोष हाय!” तर आत्या, हीच मांडवातली आत्या, म्हणाली, “ते केराटिन आमच्या सुनंनं बी केलंय की केसास्नी, पार्लरात. लई पैसं घेत्यात.” त्यांचा समज असा झाला, की मुलगी मोठ्या घरची, लाडाकोडात वाढलेली, आणि काका म्हणजे नुसती करमणूक. मला आणखी एक चहा मिळाला. निघताना विहीणबाई माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत होत्या, असं मला वाटलं. मी ते कौतुक समजलो.

घरी येऊन पुतणीला सांगितलं, “सगळं सांगून आलो. हसत-हसत घेतलं त्यांनी.” यात एक शब्द खोटा नाही.

आणि आता मांडवात आत्या विचारत होती, हे लाकूड कसलं.

“आत्या,” मी म्हणालो, “सुपारीला मी सांगितलं नव्हतं का, कातडी जाड हाय म्हणून?”

“सांगितलं व्हतं की! इच्चू बी सांगितला व्हता! मग इच्चू बी खरा धरायचा का आमी?”

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते विंचवाच्या बाजूचं होतं.

“आत्या, आजार हाय तो,” पुतणी म्हणाली. “कातडीतला. आणि मेंदी काळी झाली ती पण त्यानंच. मेंदीचा रंग कातडीतल्या केराटिनला चिकटतो. माझ्या तळव्यांवर त्याचा थर जाड, म्हणून रंग जास्त बसला. त्याचा सासूच्या जीव लावण्याशी काही संबंध न्हाई.”

हे बायकांना आजारापेक्षाही जास्त लागलं. “असं कुठं असतंय का?” “आमच्या येळंला रंगली व्हती ती काय उगंच?” एक म्हातारी तर आपला हात बघायला लागली, साठ वर्षांपूर्वीच्या मेंदीचा हिशेब मनात परत मांडत असल्यासारखी.

तेवढ्यात पळालेल्या मेंढरांतला आमचा पांढरा मेंढा मांडवात शिरला. आदल्या दिवशी उरलेली मेंदी वाया जाऊ नये म्हणून मी तिचा गोळा त्याच्या कपाळावर थापला होता. लोकर म्हणजे केराटिनच, बाईंनी सांगितलेलं मी विसरलो नव्हतो, मला बघायचं होतं. आता त्याच्या कपाळावर असा लालभडक टिळा उठला होता, की तो स्वतःच्याच वरातीला निघालाय असं वाटावं.

“आता ह्याची सासू कोन म्हनायची?” मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. माझ्या आयुष्यातला तो एकमेव विनोद, जो पूर्ण खरा होता, आणि तो पडला.

आत्यानं हळदीची वाटी खाली ठेवली. नुसती ठेवली, पण मांडवातल्या सगळ्या बायकांनी ती ठेवलेली बघितली. तिनं कमरेचा मोबाईल काढला आणि विहीणबाईंना लावला. तिकडं हळद उरकून जेवणावळ चालली असावी, भांड्यांचा आवाज येत होता. आत्याला फोन कानाला लावून बोलायची सवय नाही, ती तो ताटासारखा समोर धरते, त्यामुळं सगळं सगळ्यांना ऐकू येत होतं.

“वैनी, हिकडं घोळ झालाय. पोरीचं हात लाकडावानी हायेत. पायबी. तो काका सांगत व्हता ना, ते खरं हाय. निदान निम्मं तरी.”

तिकडं भांडी वाजत राहिली.

“थांबा, मी सांगतो,” म्हणून मी पुढं झालो. भावानं माझा दंड धरला. एवढ्या वर्षांत त्यानं माझा दंड कधी धरला नव्हता. त्याच्या तळव्याचा तो खरखरीत, कडक दाब मला सदऱ्यातूनही लागला. “तू नगं,” तो म्हणाला.

मग तो स्वतः बोलेल असं वाटलं. त्यानं तोंड उघडलं. कच्चं या शब्दापाशी तो येऊन थांबला असणार, कारण त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

पुतणीनं आत्याच्या हातातून फोन घेतला. त्या काळ्याकुळकुळीत तळहातावर तो मोबाईल दिसेनासाच झाला.

“आई, मी बोलतीय,” ती म्हणाली. “माझ्या तळहातांची आणि तळपायांची कातडी जन्मापासून जाड हाय. कातडीतला धागा कच्चा हाय म्हणून ती तशी होती. माझ्यापासून कुणाला लागणार न्हाई, पण बरी पण होणार न्हाई. पोरं झाली तर त्यांना यील किंवा न्हाई येणार, निम्मं-निम्मं हाय. तुमच्या मुलाला ठाऊक हाय. तुमाला काकांनी सांगितलं व्हतं, पण ते तुमाला खरं वाटलं नसणार. म्हणून आता मी सांगतीय. हळद लावायची का न्हाई ते तुमी सांगा.”

आमच्या घराण्याच्या टाचेची गोष्ट एवढ्या थोड्या शब्दांत सांगता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि खरं सांगू का, मला ती फारशी आवडलीही नाही. तिच्यात आजोबाच नव्हते.

डीजेवाला वायर हातात धरून उभा होता. वहिनीनं पदर तोंडात धरला होता. मेंढा मधोमध उभा राहून अक्षता चघळत होता.

“दुखतं का?” विहीणबाईंनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. आमच्याकडं लोक विचारायचे, जाड किती, काटा बोचतो का, निखाऱ्यावरून चालून दाखवता का. माझ्याकडं प्रत्येकाला एक गोष्ट तयार होती, काहींना दोन. या प्रश्नाला नव्हती. भाऊ खाली मान घालून आपल्या पायांकडं बघत होता, आणि मला उगीचच आजोबांचं घमेलं आठवलं, आणि त्यांचे मिटलेले डोळे.

“थंडीत दुखतं,” पुतणी म्हणाली. “भेगा पडत्यात. रोज सकाळ-संध्याकाळ ऊन पाण्यात पाय बुडवून बसावं लागतं. पाणी लई लागतं त्याला.”

पलीकडं कुणीतरी भात मागत होतं.

“सोलर हाय आमच्याकडं,” विहीणबाई म्हणाल्या.